कुणालाही बिबट्या म्हणत नाहीत

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याला लागलं की थांब्यांची नावं वाचत जावीत. कापूरबावडीपर्यंत सगळं माणसाळलेलं आहे. मग येतं चितळसर मानपाडा. पुढे वाघबीळ, त्याच्या पुढे नागला बंदर, मग गायमुख, आणि टोकाला ज्याच्या नावानं हा रस्ता ओळखला जातो ते घोडबंदर. चितळ, वाघ, नाग, गाय, घोडा! अंकलिपीतसुद्धा इतके प्राणी इतक्या जवळजवळ सापडायचे नाहीत. अरबस्तानातून आलेले घोडे इथल्या बंदरात उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. उत्तरेकडून नव्यानं आलेल्या रिक्षावाल्याला मात्र हे नाव निम्मं घोड्याचं आणि निम्मं माकडाचं वाटतं, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला त्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही. घोड्याच्या नावाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असतात आणि काचा खाली करून माणसं एकमेकांना बैल म्हणत असतात.

कोण कुणाला कुठलं जनावर म्हणतं, याच्याकडे कान लावून बसणं हा माझा जुना छंद आहे. फुकट आहे आणि मानपाड्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवलीत, ज्याच्या नावाचा रस्ता आहे आणि पोलीस ठाणंही. कुरिअरवाले, लांबचे पाहुणे आणि लग्नाला निघालेली वऱ्हाडं या दोहोंत नेमानं चुकतात. डोंबिवलीत पोचलेला पाहुणा फोनवर छातीठोकपणे सांगतो, "अहो, मी मानपाड्यातच उभा आहे." ठाण्यातला यजमान "हो का, बरं बरं" म्हणतो आणि फोन ठेवल्यावर पाहुण्याचा ज्या नावानं उद्धार करतो, तो प्राणी लांब कानांचा आणि जन्मभर दुसऱ्याची ओझी वाहणारा असतो. मी ठाण्याच्या मानपाड्याबद्दल लिहितोय. प्राणी दोन्हीकडे तेच.

उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं तरी या शास्त्राची मूलतत्त्वं समजतात. इथे प्राण्यांचं वाटप वाहनाप्रमाणे होतं. स्कूटरवरून फटीतून आडवा घुसणारा पोरगा म्हणजे माकड. सिग्नल सुटला तरी फोनमध्ये मान घालून बसलेला मोटारवाला म्हणजे बैल. पाण्याचा टँकर चालवणारा म्हणजे रेडा. आणि डंपरवाला? डंपरवाल्याला कुणी काहीही म्हणत नाही. डंपर आला की काचा वर जातात. ही डंपरची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या पिढीला ही भाषा शाळेत शिकवली गेली, तीही वेगळी फी न घेता. गणिताच्या मास्तरांचा गोठा कायम भरलेला असायचा. उशिरा येणारा टोणगा, मागच्या बाकावरचा खोंड, न कळताही मान हलवणारा नंदीबैल, आणि उरलेले सगळे सरसकट गाढव. मुलींच्या रांगेत म्हशी. निबंधाच्या तासाला मात्र 'माझा आवडता प्राणी' हाच विषय हमखास यायचा, आणि आम्ही झाडून सगळे 'गाय हा अत्यंत उपयुक्त प्राणी आहे' असं लिहायचो. 'टोणगा हा अत्यंत उपयुक्त प्राणी आहे' असं लिहायची छाती कुणाची झाली नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या आताच्या इंग्रजी शाळांत हा गोठा बंद पडला आहे. तिथे मुलाला जनावर म्हटलं तर पालक थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसतात. पण पोरं एकमेकांना म्हणायची राहतात थोडीच! फक्त जनावरं परदेशी वाणाची आली आहेत. दुसऱ्याच्या वहीत बघून लिहिणारा कॉपीकॅट, भित्रा तो चिकन, चहाड्या करणारा स्नेक, पुस्तकातून डोकं वर न काढणारा बुकवर्म. यांतल्या घुबडाची गोष्ट तर न्यारीच. इंग्रजांचं घुबड विद्वान असतं, चित्रात त्याला चष्मादेखील घालतात. आपल्याकडे ते प्रत्यक्ष लक्ष्मीचं वाहन, पण घराच्या छपरावर येऊन बसलं तर लोक शांत करायला भटजींना बोलावतात. त्यामुळे कॉलेजातला मुलगा पहाटे तीनला आईला अभिमानानं सांगतो, "आई, आय अॅम अ नाइट आउल," तेव्हा आईही काही वाद न घालता मान्य करते, "घुबड आहेस खरा."

पण याहून मोठा घोटाळा आमच्या इमारतीतल्या एका आजोबांच्या पंचाहत्तरीला झाला. सकाळी औक्षण झालं, गळ्यात झेंडूचा हार पडला, कपाळावर कुंकवाचा टिळा आणि वर तांदूळ. दुपारी पुरणपोळीचं जेवण. संध्याकाळी नातवानं घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर आजोबांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आजोबा, यू आर द गोट.' सोबतीला बकऱ्यांची पाच-सहा चित्रं. आजोबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि नातवाला समोर उभं केलं.

"मी बकरा?"

नातू गडबडीनं सांगायला लागला, की अहो आजोबा, ही आद्याक्षरं आहेत, सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ असा त्याचा अर्थ, मेस्सीला म्हणतात, सचिनला म्हणतात. आजीनं मध्येच विचारलं, "बोकड म्हणालाय की शेळी, ते आधी विचारून घ्या." आजोबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

"सकाळी टिळा लावलात, हार घातलात, पोटभर खाऊ घातलंत, आणि आता बकरा म्हणताय," आजोबा म्हणाले, "पुढचं काय ठरलंय तेवढं सांगून टाका."

तर आता नियमाकडे येऊ. कान लावून बसल्यावर हळूहळू लक्षात येतं, की या सगळ्या बारदानाला एक नियम आहे. जो प्राणी आपल्यासाठी राबतो, त्याचं नाव शिवी. ज्यानं आपलं काडीचं काम केलं नाही, त्याचं नाव पदवी. बैलानं पिढ्यान्‌पिढ्या नांगर ओढला. त्याला वर्षातून एक दिवस पोळ्याला पुरणपोळी आणि उरलेले दिवस मूर्खपणाचा दाखला. कुत्रा रात्रभर राखण करतो, म्हैस दूध देते, गाढव कुंभाराची माती वाहतं. तिघांचीही नावं भांडणात कामाला येतात. आणि सिंहानं महाराष्ट्रासाठी काय केलं? तो बिचारा गुजरात सोडून बाहेर पडलेला नाही. तरी १८८१ साली पुण्यात वर्तमानपत्र निघालं त्याचं नाव 'केसरी'. १९६१ पासून राज्यातला सर्वांत बलदंड मल्ल गदा उचलतो तो 'महाराष्ट्र केसरी' म्हणून. वास्तविक त्या मातीतली रग, मान आणि खांदा हे सगळं बैलाचं काम आहे. पण 'महाराष्ट्र बैल' या किताबासाठी लांग कोण चढवेल?

इंग्रजांचंही असंच. त्यांच्या देशाचा लेखी इतिहास सुरू झाल्यापासून तिथल्या रानात सिंह नव्हता, तरी फुटबॉलच्या सदऱ्यावर तीन-तीन सिंह छापलेत. ज्या डुकरानं आणि कोंबडीनं त्यांना रोज सकाळी न्याहारीला जगवलं, त्यांची नावं शिव्यांच्या खात्यात. कृतघ्नपणात पूर्व-पश्चिम असा भेद नाही.

गाढवावरचा आपला राग तर दगडावर कोरून ठेवलेला आहे, आणि त्यासाठी ठाण्याहून फार लांब जायला नको. उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, ठाणे हे त्यांचं मोठं ठिकाण. त्या काळात जमीन दान दिली की शिळा उभी करत. वर चंद्र-सूर्य, मधे मजकूर, आणि हे दान जो मोडेल त्याच्यासाठी खाली एक चित्र, ज्यात एक गाढव असतं. या शिळांना गधेगाळ म्हणतात आणि ठाणे-रायगडकडे त्या बऱ्याच सापडल्या आहेत. अपरादित्य शिलाहाराचा परळचा लेख ११८७ सालचा. त्यात दानाचा सगळा तपशील संस्कृतात आहे आणि शेवटची शिवी तेवढी मराठीत. कुठल्या कामाला कुठली भाषा काढायची, याची समज आपल्या लोकांना आठशे वर्षांपासून आहे. त्या शिवीत गाढव आहे आणि दान मोडणाऱ्याची आई आहे, यापलीकडे मला इथे काही लिहिता येत नाही. मानपाड्याच्या सिग्नललाही ती ऐकू येत नाही, डंपर पार गायमुखाला पोचल्यावरसुद्धा.

शिवीला इतकं चोख उत्तर मिळाल्याची आपल्याकडे एकच कथा आहे. पैठणला ज्ञानेश्वरांची थट्टा करताना कुणीतरी म्हणालं, नावात काय आहे, त्या समोरून येणाऱ्या रेड्याचंही नाव ज्ञानाच आहे. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्नरकडे आळे गावात त्या रेड्याची समाधी दाखवतात आणि लोक श्रद्धेनं तिथे डोकं टेकवतात. रेडा म्हणणाऱ्याची समाधी कुठे आहे, हे कुणी विचारतसुद्धा नाही.

गाईचं प्रकरण मात्र नियमात बसत नाही. ती राबते आणि तरी तिचा मान आहे. मुलगी दाखवताना "आमची पोर म्हणजे गरीब गाय" हे वाक्य ठरलेलं. इंग्रजीत बाईला गाय म्हणाल तर थोबाडीत बसेल, आपल्याकडे तेच प्रमाणपत्र. पण जरा पुढे ऐकलं की या प्रमाणपत्रातली मेख कळते. गरीब गाय म्हणजे जी उलट बोलत नाही, हिस्सा मागत नाही आणि कुठल्याही दावणीला बांधली तरी हूं की चूं करत नाही. तिनं एकदा का सासरच्यांना चार शब्द सुनावले, की दावणीला एकदम नागीण निघते. मधल्या पायरीवर बाईसाठी प्राणीच ठेवलेला नाही. वाघीण आहे, पण ती आठ मार्चला ऑफिसात गुलाबाच्या फुलाबरोबर वाटतात आणि नऊ तारखेला परत घेतात.

ऑफिसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठमोठ्या गृहसंकुलांतून रोज सकाळी लॅपटॉपच्या पिशव्या घेऊन जी मंडळी बाहेर पडतात, ती दिवसभर एका वेगळ्याच पांजरपोळात काम करतात. भरवशाचं उत्पन्न देणारं खातं म्हणजे कॅश काऊ, नवीन प्रयोग ज्याच्या माथी मारायचा तो गिनी पिग, अब्जावधींचा नवा धंदा म्हणजे युनिकॉर्न. हा शेवटचा प्राणी जगात कधीच नव्हता, त्यामुळे माझ्या नियमाप्रमाणे सर्वांत मोठी पदवी त्यालाच मिळणार हे उघड होतं. कॅश काऊची थोरवी अशी, की आमच्या आजीला व्यवस्थापनशास्त्राचा गंध नसताना तिला ते तत्त्व पूर्ण ठाऊक होतं: दुभत्या गाईच्या लाथा गोड. कमावत्या मुलाचं तिरसट बोलणं ती या एका वाक्यावर पचवायची, आणि न कमावत्या मुलाच्या वाट्याला पुन्हा टोणगाच यायचा.

शेअर बाजारात तर दोनच जनावरांवर कारभार चालतो. तेजीचा बैल, मंदीचं अस्वल. मुंबईच्या शेअर बाजारासमोर ब्राँझचा दांडगा बैल उभा आहे, सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला. बसवला कधी, तर जानेवारी २००८ मध्ये. आणि बाजार कोसळला कधी, तर त्याच जानेवारीत. बैल सुंदर आहे, त्याचा काही दोष नाही. पण तेव्हापासून मला वाटतं, की पूर्वीचे तेजीवाले-मंदीवाले हेच शब्द बरे होते, निदान नुकसानीत गेल्यावर जनावराला बोल लावायची सोय नव्हती.

वाघाबद्दल आता लिहायलाच हवं, कारण मुक्काम ठाण्याचा आहे. शिवसेनेची स्थापना १९६६ ची. तेव्हापासून ठाण्यात वाघ हा प्राणी राहिला नसून हुद्दा झाला आहे. त्यातही साधा वाघ चालत नाही, 'ढाण्या' लागतो. नाक्यानाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मागे जबडा उघडलेला वाघ, पुढे गॉगल लावून हात जोडलेला माणूस, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या तीन ओळी. पक्ष कुठलाही असो, वाघ मात्र एकच, इंटरनेटवरून उतरवलेला. त्याला बिचाऱ्याला सर्व पक्षांत सारखी मागणी आहे. माझी नजर नेहमी खालच्या ओळींकडे जाते. लांडगे, कोल्हे, घोरपडे, शेळके, मेंढे, ससाणे अशी मराठी आडनावं वाघाच्या पायाशी एका रांगेत हसत उभी असतात. आडनावात शिरलेला प्राणी शिवी राहत नाही. कुणा गाढवेंना हाक मारताना आपली जीभ अडखळत नाही आणि पोपटरावांचा 'पोपट झाला' असं कुणी म्हणत नाही. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनी तर आख्खं गाव पाण्यावर आणून दाखवलं.

हे सगळे वाघ फ्लेक्सवर आहेत. मानपाड्याच्या मागे जो डोंगर दिसतो तिथे मात्र खराखुरा प्राणी आहे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सगळं उद्यान मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि २०१५ च्या मोजणीत तिथे ३५ बिबटे आढळले होते. २० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे त्यांतला एक ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला. कॅमेऱ्यात दिसतो तो असा, की जणू दुकानं उघडायची वाट बघतोय. काही न घेता बाहेर पडला (पुष्कळ ठाणेकर हेच करतात) आणि जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला. तिथे वनविभागाच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेलं.

आता मला सांगा, तुम्ही कधी कुणाला 'बिबट्या' म्हटलेलं ऐकलंय? 'ठाण्याचा ढाण्या बिबट्या' असा फ्लेक्स पाहिलाय? मुलाला लाडानं कुणी 'माझं बिबटं ते' म्हणतं? शिवी म्हणून नाही, पदवी म्हणूनही नाही. देखणा आहे, चपळ आहे, एकट्याच्या हिमतीवर राहतो. सगळे गुण नेत्याला शोभणारे. तरी नाही. कारण तो येतो. वाघ फ्लेक्सवरून खाली उतरत नाही, सिंह गीरमध्ये आहे, आणि बिबट्या रात्री अकराला सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बसलेला असतो. डंपरवाल्यासारखंच हे. ज्याची खरी भीती, त्याच्या नावाशी कुणी खेळत नाही. काचा वर.

येऊरच्या पाड्यांवरचे वारली हे आपल्या आधीपासून जाणतात. त्यांचा वाघोबा आहे, त्याचं ठाणं आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आहे. गावाकडची माणसं बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे या वाघोबात दोघेही आले. जे त्याच्या शेजारी राहतात ते त्याला हात जोडतात, त्याचं नाव स्वतःच्या वाढदिवसाला लावत नाहीत. ते काम फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं.

जाता जाता, आपला राज्यप्राणी शेकरू आहे. झाडावर सुंदर घर बांधतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या नावाची ना शिवी ना स्तुती. सरकारी मान मिळाला की लोकांच्या तोंडून उतरायला होतं, हा अनुभव काही निवृत्त अधिकाऱ्यांनाही असावा.

पण हे शास्त्र भर बहरात पाहायचं असेल तर सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जावं. आमच्या सभेचा विषय होता टँकरच्या पाण्याचं बिल. पहिल्या पाच मिनिटांतच कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी समोर असताना 'साहेब', पाठ वळली की कोल्हा. हिशेब विचारला की 'बघतो, बघतो' म्हणत खाली मान घालणारे खजिनदार म्हणजे गोगलगाय, पोटात पाय. कमिटीचे बाकी सभासद नंदीबैल. आता मानपाड्यात राहून मान नाही डोलवायची तर काय करायचं! तिसऱ्या मजल्याचे मालक स्वतःचा फ्लॅट भाड्यानं देऊन पुण्याला राहतात, पण सभेला न चुकता येतात आणि बोअरवेल कुठे खणावी हे सांगतात. त्यांना अर्थातच उंट मिळाला. सभा सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच पांजरपोळ पूर्ण भरला होता.

खरा प्रश्न निराळाच होता. माजी अध्यक्षांनी कित्येक महिने देखभालीचे पैसे भरले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सातव्या मजल्यावरचा, नुकताच पुनर्विक्रीत फ्लॅट घेतलेला एक तरुण उठला आणि इंग्रजीत म्हणाला, "आपण सगळे बोलतोय, पण देअर इज अॅन एलिफंट इन द रूम."

सभा शांत झाली. माजी अध्यक्ष चांगले भरदार गृहस्थ आहेत. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून मग त्यावर बसतात, अनुभवानं आलेलं शहाणपण. ते सावकाश उठले.

"नाव घेऊन बोला," ते म्हणाले. "माझ्या प्रकृतीवर घसरायचं काम नाही."

तरुण घाबरला. म्हणाला, "काका, तसं नाही, तो वाक्प्रचार आहे, जे सगळ्यांना दिसतं पण कुणी बोलत नाही ते..."

"म्हणजे मीच ना?" काका म्हणाले.

आणि गंमत म्हणजे ते त्यांचंच होतं. सगळ्या सभेनं एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी मागून बारीक आवाजात "हत्ती गेला, शेपूट राहिलं, तेवढं भरून टाका ना काका" असं म्हणालं, हशा पिकला, आणि काकांनी रागारागानं तिथल्या तिथे चेक फाडला. बोअरवेलचा विषय पुढच्या सभेवर गेला.

पंधरा दिवसांनी सभेचं इतिवृत्त हाती आलं. सेक्रेटरींनी त्यातून कोल्हा, उंट, गोगलगाय, हत्ती सगळे गाळून टाकले होते. 'सभासदांनी पाणीपुरवठ्याच्या विषयावर सविस्तर व खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा केली' एवढंच शिल्लक. यात नवल नाही, संसदेतही हेच चालतं. २०२२ साली लोकसभा सचिवालयानं असंसदीय शब्दांची जी पुस्तिका काढली, तिच्यात गाढव होतं, गिरगिट म्हणजे सरडा होता आणि मगरीचे अश्रूसुद्धा होते. मगर स्वतः होती की नाही ते माहीत नाही, पण तिला रडायला मनाई आहे. वाघ-सिंह त्या पुस्तिकेत नसणार, हे तुम्ही आता न बघताच सांगाल.

येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्यांसाठी एवढंच सांगायचं उरलं. उरलंसुरलं अन्न आणि कचरा भिंतीबाहेर टाकू नका. कचऱ्यावर कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. दिसलाच तर गर्दी करू नका, फोटोसाठी धावू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा. हा क्रमांक खऱ्या प्राण्यांसाठी आहे. कमिटीतल्या कोल्ह्या-लांडग्यांच्या तक्रारी तिथे घेत नाहीत. त्यासाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचं कार्यालय आहे.